चिखलदऱ्याचा शरद कॅमेऱ्यात कसा येतो

दिवाळीच्या आसपास चिखलदऱ्याला जाऊन आलेल्या कुणाचाही फोन घ्या आणि फोटो वेळेच्या क्रमाने बघा. सकाळी साडेसहाच्या फोटोत दरी पांढऱ्या, सपाट धुक्याने भरलेली दिसते. त्यातून डोंगरांची टोकं वर आलेली, एकामागे एक सहा-सात रांगा आणि प्रत्येक रांगेचा निळा वेगळा. त्याच कठड्यावरून, त्याच फोनने अकरा वाजता काढलेल्या फोटोत एक हिरवट डोंगर उरतो. त्याच्या मागे करडी भिंत आणि वर पांढुरकं आभाळ. जागा तीच, फोन तोच, काढणारा हातही तोच. विचारलं तर उत्तर मिळतं, "सकाळी लाइट भारी होता."

भारी होता म्हणजे नेमकं काय झालं होतं? हे कळलं, तर गाविलगडाच्या डोंगरात फोटोसाठी कधी जायचं, कुठल्या तोंडाने उभं राहायचं आणि रात्री कुठे झोपायचं, हे सगळं आपोआप ठरतं. झोपण्याचा मुद्दा मुद्दाम घेतला आहे. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केल्यापासून मोटरहोम, म्हणजे बिछाना-ओटा असलेली राहती गाडी, भाड्याने घेऊन फिरणं आपल्याकडेही ओळखीचं होऊ लागलं आहे. निसर्गचित्रणाला ही गाडी सोयीची पडते. त्यामागचं कारण ऐषारामापेक्षा सूर्याच्या चालीत जास्त आहे. तिथे पोचण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा.

पानगळ शोधायला आलात तर

परदेशातल्या शरदाचे फोटो पाहून आपल्याकडचे छायाचित्रकारही ऑक्टोबरमध्ये लाल-पिवळं जंगल शोधायला निघतात. चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटात ते सापडत नाही. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले आणि गारठा वाढला की झाड पानांतलं हरितद्रव्य मोडून त्यातला उपयोगी माल खोडात ओढून घेतं. हिरवा रंग गेला की आधीपासून पानात असलेला पिवळा उघडा पडतो. हिवाळ्यात पान सांभाळणं तिथे परवडत नाही. मेळघाटच्या सागाला थंडीची एवढी भीती नाही. त्याची अडचण पाण्याची आहे. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सतत उडत असतं आणि सागाचं पान तर सुपाएवढं. पावसाळा संपला तरी जमिनीत ओल असते, म्हणून ऑक्टोबरात झाड निश्चिंत असतं. ओल आटत जाते तशी पानं पिवळी-तपकिरी होतात आणि जंगल खऱ्या अर्थाने उघडं पडतं ते हिवाळ्याच्या शेवटी. रंगांचा सोहळाही तेव्हाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, मोहाला तांबूस पालवी येते आणि कुसुम तर नव्या पानांनीच लाल होतो.

मग ऑक्टोबरात सागाच्या काही उतारांवर जो गंजाचा रंग दिसतो, तो कसला? बरेचदा ते एका अळीचं काम असतं. एका बारक्या पतंगाची ही अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानातला हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. पानाची जाळी होते आणि लांबून अख्खा उतार करपल्यासारखा दिसतो. बहुतेक झाडं यातून सावरतात. फोटोखाली 'मेळघाटची पानगळ' असं लिहिण्याआधी एक पान हातात घेऊन बघावं, एवढंच.

थोडक्यात, वऱ्हाडातला शरद झाडांवर शोधून उपयोग नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस माघारी जातो आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे बदलतं, ते सगळं हवेत बदलतं. कॅमेऱ्याने टिपायची असते ती ही हवा.

दरी रात्री कशी भरते

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि जवळचं वैराट त्याहून थोडं उंच. खाली परतवाडा-अचलपूरचा सपाट मुलूख सातशे-साडेसातशे मीटरने खाली आहे. हवा वर जाताना प्रसरण पावते आणि थंड होते. सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश. त्यामुळे परतवाड्यात ऑक्टोबर हीटने घाम फुटत असताना चिखलदऱ्यात चार-पाच अंश कमी असतात. हा हिशेब दिवसाचा.

रात्री तो उलटतो. सूर्य मावळला की जमीन दिवसभराची उष्णता आकाशाकडे सोडू लागते. ढग असतील तर ते त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात, पण पाऊस गेलेला असतो आणि आभाळ मोकळं असतं. जमीन झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवाही निवते. थंड हवा जड असते. ती उतारावरून ओघळते, ओढ्या-नाल्यांच्या वाटांनी खाली जाते आणि दरीच्या तळाशी साठते. मध्यरात्रीनंतर अशी स्थिती येते की दरीचा तळ थंड आणि वरचा कडा त्यापेक्षा उबदार. वर जावं तसं गार व्हावं, हा दिवसाचा नियम इथे पालथा पडतो, म्हणून हवामानशास्त्रात या स्थितीला तापमानाची उलटापालट म्हणतात.

दरीच्या तळाशी ओल भरपूर. सिपना, गडगा, खापरा या नद्यांना पाणी असतं, माती भिजलेली असते, झाडांनी दिवसभर वाफ सोडलेली असते. थंड हवेला वाफ कमी पेलते. ठरावीक तापमानाच्या खाली गेलं की जास्तीची वाफ बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडते. गवतावर पडली तर दहिवर आणि हवेतच तरंगली तर धुकं, वऱ्हाडातली धुवारी. एकदा धुक्याचा थर तयार झाला की त्याचा वरचा पृष्ठभागच उष्णता सोडू लागतो. त्यामुळे धुकं वरून थंड होत वाढत जातं, ते थेट वरच्या उबदार हवेला भिडेपर्यंत. तिथे त्याची वाढ थांबते. साडेसहाच्या फोटोत धुक्याचा माथा पट्टी लावल्यासारखा सपाट दिसतो, तो या थांबण्याच्या रेषेमुळे.

जुलै-ऑगस्टमधलं चिखलदऱ्याचं धुकं मात्र वेगळं. तेव्हा बाष्पाने भरलेला वारा डोंगराला धडकून वर चढतो, थंड होतो आणि त्याचा ढग होतो. आपण त्या ढगाच्या पोटात उभे असतो. हे धुकं दुपारीही हटत नाही, कारण वारा नवा माल आणतच राहतो. शरदातलं धुकं जागच्या जागी जन्मतं आणि ऊन लागलं की मरतं. सूर्य आधी दरीच्या कडा तापवतो, धुकं काठाकडून विरघळू लागतं आणि साधारण आठ-नऊपर्यंत त्याची लक्तरं उरतात. ती लक्तरंही सुंदर दिसतात. पूर्ण भरलेल्या दरीपेक्षा अर्धी रिकामी झालेली दरी मला फोटोला अधिक बरी वाटते, कारण धुकं आणि जंगल दोन्ही एकाच चौकटीत येतात.

यातून उद्याचा अंदाज बांधता येतो. दोन-चार दिवसांपूर्वी शेवटची सर पडून गेलेली, संध्याकाळी तारे स्वच्छ आणि झाडाचं पान हलत नाही, असं असेल तर गजर लावावा. वारा सुटला असेल, तर तो थंड हवा साठू देत नाही. ढग असतील तर जमीन निवत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी निवांत झोपावं.

डोंगर निळे का, आणि मग करडे का

हवा पारदर्शक असते असं आपण धरून चालतो. पूर्ण पारदर्शक ती नसते. तुमच्या आणि समोरच्या डोंगराच्या मधे दर किलोमीटरला मलमलीचा एक पडदा टांगला आहे असं समजा. एक पडदा जाणवत नाही. दहा पडद्यांपलीकडचा डोंगर फिका दिसतो आणि तीस पडद्यांपलीकडचा नुसता आभास. या पडद्यांवर ऊन पडतं तेव्हा ते स्वतःच उजळतात आणि पलीकडचं झाकतात. सावलीत असतात तेव्हा त्यांच्यातून आरपार दिसतं.

हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. प्रमाण चौपटीच्या पुढे जातं. म्हणून स्वच्छ हवेचा पडदा निळा असतो. जवळच्या डोंगराचा हिरवा रंग आपल्यापर्यंत पोचतो, पण दूरच्या डोंगराच्या अंधाऱ्या अंगावर मधल्या सगळ्या हवेचा निळा उजेड येऊन बसतो. जितकं अंतर जास्त, तितका हा निळा जाड. एकामागे एक रांगांच्या बदलत्या छटा म्हणजे अंतराचं मोजमापच.

मात्र धूळ, धूर आणि पाण्याचे सूक्ष्म कण यांचा पडदा निळा नसतो. हे कण रेणूंपेक्षा खूप मोठे असल्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. तो पडदा पांढरा-करडा दिसतो. चार महिन्यांच्या पावसाने ही धूळ धुऊन खाली बसवलेली असते. ऑक्टोबरच्या मध्यावर कड्यावरून दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे पाहिलं, तर हिशेबाने क्षितिज सुमारे शंभर किलोमीटरवर असतं आणि अशा हवेत त्यातला बराच पल्ला नजरेत येतो. पण ही सवलत फार दिवस टिकत नाही. खाली सोयाबीनची मळणी सुरू होते, भुसा-धूळ उडते. कपाशीची वेचणी लागते, कच्चे रस्ते कोरडे पडतात, काडीकचरा पेटवला जातो, दिवाळीचे फटाके त्यात भर घालतात. रात्रीच्या त्याच उलटापालटीचं उबदार झाकण हा सगळा धूर खालीच दाबून ठेवतं. डिसेंबरात चिखलदऱ्याला थंडी छान असते, पण मैदानाकडचा देखावा बऱ्याच दिवशी दुधाळ असतो.

अकराच्या फोटोचं कोडं आता सुटतं. धुकं विरलं तरी त्यातली वाफ हवेतच असते आणि तापलेल्या जमिनीवरून ती धुळीसकट वर उचलली जाते. शिवाय सूर्य वर आल्यामुळे सगळे पडदे एकदम उजळतात. सकाळी दऱ्या सावलीत होत्या, त्यामुळे प्रत्येक रांग आपल्या मागच्या उजळ पट्टीवर वेगळी उठून दिसत होती.

फोटो सुधारायच्या ॲपमध्ये 'धूसरपणा काढा' असं बटण असतं. ते या पडद्याच्या उजेडाचा अंदाज घेऊन तो चित्रातून वजा करतं. थोडं फिरवलं तर ठीक. पूर्ण फिरवलं की सात रांगा एकाच अंतरावर आल्यासारख्या दिसतात आणि ज्यासाठी पहाटे उठलो तेच चित्रातून निघून जातं.

सोनेरी तास अर्ध्या तासाचा

छायाचित्रणाच्या पुस्तकांत 'गोल्डन अवर' येतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. वाटेत निळा गळून जातो आणि उरतो तो सोनेरी. साधारण सहा अंश उंचीपर्यंत ही जादू टिकते असं मानतात.

प्रश्न असा की सहा अंश चढायला सूर्याला किती वेळ लागतो? ते तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात त्यावर ठरतं. ऑस्लोसारख्या उत्तरेकडच्या शहरात ऑक्टोबरमध्ये सूर्य तिरका, रेंगाळत वर येतो आणि सहा अंशांना पाऊण तासाहून अधिक वेळ घेतो. चिखलदरा २१.४ अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ उभाच चढतो, तासाला सुमारे चौदा अंशांच्या वेगाने. सहा अंशांना पंचवीस-सव्वीस मिनिटं. पुस्तकातला तास थंड देशातून आला आहे. आपल्याकडे तो अर्ध्या तासातच आटोपतो. चहा संपवून निघू म्हणणाऱ्याला तो मिळत नाही.

*चौकट: मध्य ऑक्टोबरमध्ये चिखलदऱ्याचा प्रकाश (वेळा अंदाजे)*

पहाटे ५.३०: पूर्वेला उजेडाची पट्टी, बारीक तारे दिसेनासे
५.५५ ते ६.१५: पश्चिमेला पृथ्वीची सावली
६.१७: सूर्योदय, पूर्वेपासून नऊ अंश दक्षिणेकडे सरकून
६.१७ ते ६.४५: सोनेरी ऊन
८ ते ९: दरीतलं धुकं विरतं
१२.०७: सूर्य सर्वांत उंच, तरी डोक्यावर नाही, ६० अंशांवर
५.३० ते ५.५७: संध्याकाळचं सोनेरी ऊन, मग सूर्यास्त
७.१०: पूर्ण अंधार

आणखी एक समज असा की धूळ जास्त तर सूर्यास्त भारी. धुळीने सूर्याचा गोळा लाल दिसतो हे खरं, पण आकाश मळकट होतं. आभाळभर पसरलेले शुद्ध केशरी-गुलाबी रंग स्वच्छ हवेत दिसतात. पाऊस गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतली सनसेट पॉइंटवरची गर्दी त्या दृष्टीने योग्य ठिकाणी आलेली असते.

कॅमेरा इथे दोन ठिकाणी दगा देतो. धुक्याची पांढरी दरी समोर आली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक ती मध्यम करडी असल्याचं गृहीत धरून चित्र काळवंडवतो. त्याला हाताने एक स्टॉप वर न्यावं लागतं. दुसरं म्हणजे रंगांचा आपोआप समतोल. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली कागद पांढरा दिसावा म्हणून केलेली ही सोय सूर्योदयाचं सोनंही दोष समजून पुसून टाकते. तो समतोल 'दिवसाचा प्रकाश' यावर बांधून ठेवावा.

सूर्याकडे पाठ करून

सूर्योदयाला सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. मागे वळलं तर पश्चिम क्षितिजाला लागून एक निळी-करडी पट्टी आणि तिच्यावर गुलाबी पट्टा दिसतो. ती करडी पट्टी ढग नाही, धूरही नाही. पृथ्वीची सावली आपल्याच वातावरणावर पडलेली असते. तिच्या वरचा गुलाबी रंग म्हणजे क्षितिजाखालच्या सूर्याचा तांबूस प्रकाश हवेवरून आपल्याकडे परतलेला. सूर्य वर येतो तशी सावली खाली सरकत क्षितिजात बुडते. मैदानातल्या गावातून हे दिसणं अवघड, कारण क्षितिजाजवळचा भाग घरं-झाडं-धूर यांनी भरलेला असतो. डोंगरावरून, पावसाने धुतलेल्या हवेतून ते स्वच्छ दिसतं.

तिसरी दिशा बाजूची. सूर्यापासून काटकोनात पाहिलं, म्हणजे सकाळी उत्तरेला किंवा दक्षिणेला, तर आकाशाचा प्रकाश सर्वाधिक ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच प्रतलात हलतात. भिंगापुढे पोलरायझर फिरवला की त्या दिशेचं आकाश गडद होतं आणि सागाच्या पानांवरची चकाकी उतरते. सूर्याकडे किंवा त्याच्या नेमकं उलट दिशेला तो लावून उपयोग नाही. फार रुंद भिंगावर लावला तर आकाशाच्या एका पट्ट्यात गडद डाग पडतो. तो मग पुसता येत नाही.

बाजूने येणारं तेच सकाळचं ऊन डोंगरांचा आकारही उलगडून दाखवतं. हे डोंगर दख्खनच्या लाव्हाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतले गेले. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांनी भुसभुशीत. घट्ट थराचा कडा उभा राहतो, भुसभुशीत थराचा उतार होतो. म्हणून गाविलगडाच्या आसपासचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट. दुपारच्या उन्हात या पायऱ्या सपाट होऊन जातात. सहा अंशांच्या उन्हात प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर पडते.

कोजागरी आणि अमावास्या

निसर्गचित्रणाच्या सहलीची तारीख ठरवताना पंचांग बघावं. शरदात आपल्याला दोन रात्री तयारच मिळतात. कोजागरीला पौर्णिमा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवतो आणि तोही पृथ्वीच्या सावलीच्या त्या करड्या-गुलाबी पट्ट्यातून. जमिनीवर अजून उजेड असतो, त्यामुळे चंद्र आणि डोंगर एकाच फोटोत नीट येतात. तासाभराने चंद्र वर आला की हे जमत नाही. मग चंद्र पांढरा ठिपका तरी होतो, नाहीतर डोंगर काळे.

पौर्णिमेचं चांदणं सूर्यप्रकाशापेक्षा सुमारे चार लाख पट मंद असतं, पण आहे तो सूर्याचाच प्रकाश. कॅमेरा तिपाईवर ठेवून आयएसओ ८००, भिंगाचं छिद्र एफ ४ आणि तीस सेकंद एवढं दिलं, तर दिवसासारखा फोटो येतो. आकाश निळं, जंगल हिरवं आणि वर तारे. आपल्या डोळ्याला चांदण्यात रंग दिसत नाहीत, कारण मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. कॅमेऱ्याला तो नियम लागू नाही.

ताऱ्यांसाठी दिवाळीची अमावास्या. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग या दिवसांत अंधार पडताच नैऋत्येला असतो आणि काही तासांत मावळतो. त्यामुळे आधी आकाशगंगा, जेवण नंतर. रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या भिंगावर दव जमतं. जमिनीप्रमाणेच काचही आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. भिंगाभोवती कापडाची ऊबदार पट्टी गुंडाळली तर ते टळतं.

गाडीत झोपण्याचं कारण

हिशेब आता सोपा आहे. कामाचा प्रकाश पहाटे साडेपाच ते पावणेसात. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा ऐंशी किलोमीटरच्या घरात आहे आणि शेवटचा टप्पा घाटाचा. खालून निघायचं तर तीन वाजता उठून अंधारात आणि त्याच धुक्यातून घाट चढायचा. वर झोपलेला माणूस दार उघडून दहा मिनिटांत कड्यावर असतो. धुकं नसेल तर परत झोपतो, हाही फायदा लहान नाही.

गाडी कुठे उभी करायची, हे रसिकतेपेक्षा कायद्याने ठरतं. भोवतालचं जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं, १९७३-७४ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. जंगलरस्त्याच्या कडेला गाडी लावून मुक्काम करायचा नाही. प्रकल्पातल्या सेमाडोह-कोलकासकडेही नाही आणि 'एकच रात्र' म्हणूनही नाही. गावातल्या एखाद्या निवासाच्या आवारात रीतसर विचारून, पैसे भरून उभं राहावं. सांडपाण्याची टाकी ओढ्यात रिकामी करणाऱ्यांनी मोटरहोमच्या वाटेला न गेलेलं बरं.

आवारातही जागा निवडता येते. थंड हवा खोलगटात साठते हे आपण पाहिलं. त्यामुळे तळ्याकाठच्या सखल जागेपेक्षा थोड्या उंचवट्यावर रात्र उबदार जाते. आतल्या ओलीचं कोडंही दरीतलंच. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. खिडक्या घट्ट बंद असतील तर ती वाफ थंड काचेवर आणि पत्र्यावर जमते आणि सकाळी उशीला टपटप लागते. छताची झडप बोटभर उघडी आणि खालची एक फट मोकळी ठेवली की ओली हवा वरून निघून जाते. थोडा गारठा सोसावा. आत आणलेल्या थंड कॅमेऱ्यावरही हीच वाफ बसते. तो बाहेरच पिशवीत बंद करून मग आत आणावा आणि गाडीइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये.

घाट उतरताना

जड गाडं या डोंगरात नेणं कधीच सोपं नव्हतं. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन या इंग्रज सेनानींच्या तुकड्या ७ तारखेला अचलपूरहून निघाल्या. गाविलगडाच्या उत्तरेला तोफा पोचवायला १२ तारीख उजाडली. वाट तयार करत, दऱ्या ओलांडत सैनिकांनी त्या हाताने ओढल्या. १५ डिसेंबरला नागपूरकर रघुजी भोसल्यांचा हा किल्ला पडला. त्यांची अडचण चढण्याची होती. मोटरहोमची अडचण उतरताना येते.

साडेतीन टनांची गाडी सातशे मीटर खाली आणायची म्हणजे तेवढी उंचीची ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. ती सगळी ब्रेकमधून घालवली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेत पाऊणशे लिटर पाणी उकळीला येईल. चार चाकांतल्या मूठभर लोखंडाला ती सोसत नाही. आधी ब्रेकचे पॅड तापून घसरू लागतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि अशा ओलसर तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जातं. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच गाडी बाहेर काढत असाल तर तेल तपासून घ्यावं.

उपाय जुन्या ट्रकवाल्यांचाच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि त्या घर्षणात, हवा दाबण्याच्या मेहनतीत ऊर्जा जिरते. ब्रेक वळणाच्या आधी, थोडा वेळ आणि ठाम दाबावा, मग पूर्ण सोडावा. सतत हलका पाय ठेवला तर लोखंडाला निवायला उसंत मिळत नाही. न्यूट्रल तर अजिबात नको. शिवाय गाडी उंच आणि वरून जड असते, वळणावर बाहेर कलते. कपाटातली भांडी आणि चिखलदऱ्याहून घेतलेला रबडीचा डबा आधीच बांधून ठेवावा.

परतवाड्यात उतरून चहाला थांबलात की चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. टेकवू नका, जवळ न्या. चारही सारखीच कोमट लागली तर घाट इंजिनाने उतरवला. एखादं चाक भगभगत असेल, तर तिथला ब्रेक अडकून राहिला आहे. गॅरेजवाल्याला दाखवल्याशिवाय अमरावतीचा रस्ता धरू नका.